४० पैकी ३ स्निप हार्डी-वाइनबर्गमध्ये नापास. काढून टाकू का?

उंबरठा

मंडळी, मदत हवी आहे. संख्याशास्त्राशी माझा संबंध परीक्षेपुरता होता आणि तो परीक्षेबरोबर संपला अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली.

माझ्याकडे ४१२ माणसांचा डेटा आहे. प्रत्येकाच्या ४० स्निप तपासल्या आहेत. (स्निप म्हणजे डीएनएच्या साखळीतली अशी एक जागा, जिथे कुणाकडे एक अक्षर असतं तर कुणाकडे दुसरं.) प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. म्हणून तीनच प्रकार: एए, एबी, बीबी. ए-चं प्रमाण पी आणि बी-चं क्यू धरलं, तर एए पी-वर्ग, एबी दोन-पी-क्यू आणि बीबी क्यू-वर्ग इतके सापडायला हवेत. हेच हार्डी-वाइनबर्गचं सूत्र. शाळेतलं (पी+क्यू)-चा वर्ग, दुसरं काही नाही.

३७ स्निप गुणी निघाल्या. दोघींचा काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत मोजणारा आकडा) ४.४ आणि ४.७ आला. तिसरीचा १९.६! तिचे आकडे असे:

एए २५०, एबी १२०, बीबी ४२.
अपेक्षित होते सुमारे २३३, १५३ आणि २५.

आमचे मार्गदर्शक म्हणतात, तिन्ही काढ आणि पुढे चल. शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणतो, तिसरी म्हणजे नैसर्गिक निवडीचा पुरावा आहे, काढतेस कसली, पेपर लिही. मी मध्ये लटकले आहे. कुणाचं ऐकू?

हसरी_गोगलगाय

वाचतेय. काही कळलं तर प्रतिसाद देईन, म्हणजे बहुधा देणार नाही.

दशांश

पहिल्या दोघींना सोडून द्या. ४० चाचण्या केल्या आणि प्रत्येकीत ०.०५ ची रेघ ओढली (म्हणजे निव्वळ योगायोगाने इतकी तफावत पडायची शक्यता, पी-मूल्य, ०.०५ हून कमी आली की नापास), तर सगळं आलबेल असतानाही सरासरी २ नापास होणारच. ४० × ०.०५ = २. तुमच्या दोन आल्या. हिशेब चुकता.

४० चाचण्यांसाठी रेघ ०.०५ भागिले ४० म्हणजे ०.००१२५ वर न्या. त्या दोघी आरामात पास होतील. तिसरीचं पी-मूल्य एक लाखात एकाच्याही किंचित खाली आहे, ती कुठल्याच रेघेवर पास होणार नाही.

कडेलोट

एक मिनिट. प्रकार तीन, मग डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळे अंश, म्हणजे किती आकडे स्वतंत्रपणे बदलू शकतात) ३ वजा १ = २. दोन-साठी रेघ ५.९९ ला असते. म्हणजे ४.४ आणि ४.७ मुळात नापास झालेल्याच नाहीत. दशांशराव, उगाच ४० ने भागाभागी करायला लावताय.

दशांश

कडेलोट, १ च. ए-चं प्रमाण तुम्ही बाहेरून आणलेलं नाही, याच ४१२ जणांवरून काढलंय. त्याबद्दल आणखी एक वजा होतो. ३ – १ – १ = १. रेघ ३.८४.

कडेलोट

आमच्या पुस्तकात ‘प्रकारांची संख्या वजा एक’ असं स्वच्छ छापलंय.

बोरू

कडेलोट, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही मोठ्या माणसाच्या पंगतीत आहात. काय-वर्ग चाचणी ज्यांनी १९०० साली दिली ते कार्ल पिअरसन स्वतः हेच धरून बसले होते. डेटावरून एखादी राशी काढली की एक अंश कमी होतो, हे फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं आणि दोघांचं जे बिनसलं ते कायमचंच.

पटत नसेल तर करून बघा. एकूण माणसं ४१२ ठरलेली, ए-च्या प्रती ६२० ठरलेल्या. आता एबी १२० म्हटलं की एए किती? ६२० मधून १२० गेले, ५००, त्याचे निम्मे २५०. बीबी उरलेले ४२. एक आकडा सांगितला की बाकीचे दोन आपोआप ठरतात. हलायला जागा एकच, म्हणून अंश एक.

कडेलोट

विचार करतो. (मान्य केलेलं नाही.)

हसरी_गोगलगाय

‘पी’ म्हणजे ए-चं प्रमाण की पी-मूल्य? एकाच धाग्यात दोन पी आहेत आणि दोघेही शून्य ते एकच्या मध्ये राहतात. 🙄

मृद्गंध

गोगलगाय, +१. आणि कुणीतरी ‘हेटेरोझायगस’ला मराठी शब्द सांगा. एबी-वाल्यांना काय म्हणायचं?

बोरू

विषमयुग्मजी.

मृद्गंध

एबी ठीक आहे.

शून्यमस्तक

उंबरठा ताई, मित्राला सांगा जरा दम खा. निवडीचा पुरावा असा सहजासहजी मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा कसा दिसतो त्याचं उदाहरण देतो.

सिकल सेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं. नायजेरियातल्या प्रौढांची एक जुनी मोजणी पाठ्यपुस्तकांत असते. एकूण १२,३८७ माणसं. दोन्ही प्रती साध्या असलेली ९,३६५, एक साधी एक सिकल २,९९३, दोन्ही सिकल फक्त २९. सूत्राप्रमाणे शेवटचे सुमारे १८८ हवेत. १८८ च्या जागी २९! उरलेले मोठे होईपर्यंत जगलेच नाहीत. आणि मधला गट अपेक्षेपेक्षा तीनशेहून जास्त, कारण एक सिकल प्रत मलेरियापासून वाचवते. अ‍ॅलिसन यांनी हा मलेरियाचा संबंध १९५४ मध्ये मांडला.

यात दोन गोष्टी बघा. एक, हे प्रौढ आहेत. हीच मोजणी नवजात बाळांची केली तर आकडे सूत्राला बरेच जुळतील, कारण छाटणी जन्मानंतर होते. दोन, इथे एबी वाढलेत. तुमच्याकडे एबी कमी झालेत आणि दोन्ही टोकं फुगलीत. मधल्याला मारून दोन्ही टोकांना जगवणारी निवड माणसात दाखवायची असेल तर फार भक्कम कारण लागेल.

पाऊलखुणा

शून्यमस्तक यांच्या उदाहरणाला जोड म्हणून कुरूचं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये मृतांचे अवयव खाण्याच्या अंत्यविधीतून हा मेंदूचा रोग पसरला होता. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात १२९ क्रमांकाच्या जागी दोन पर्याय आहेत. ज्या बायकांनी त्या विधींत भाग घेतला आणि तरीही वाचल्या, अशा पन्नाशीपुढच्या ३० जणी तपासल्या. त्यातल्या २३ एबी निघाल्या. २००३ चं काम आहे. एबी कधीच इतके नसतात, पी अर्धा असला तरी जास्तीत जास्त निम्मे. म्हणजे ३० मध्ये १५.

मला हा आकडा पहिल्यांदा वाचताना शहारा आला होता. तक्त्यातल्या रिकाम्या जागा म्हणजे गेलेली माणसं.

रातकिडा

उलटही खरं आहे. निवड जोरात चालू असते आणि चाचणी बिनधास्त पास होते. समजा ए-ची प्रत्येक प्रत जगण्याची शक्यता निम्मी करते: बीबी सगळे जगतात, एबी निम्मे, एए पाव. उरलेल्यांची मोजणी करा, अगदी तंतोतंत सूत्रात बसते, फक्त नव्या पी-सह. त्यामुळे ‘पास झाली म्हणजे निवड नाही, स्थलांतर नाही, सगळे यादृच्छिक लग्नं करतात’ हे जे परीक्षेत लिहून गुण मिळवतात, ते खोटं आहे.

मृद्गंध

मी लिहून मिळवलेत. परत करू का?

दशांश

मूळ मुद्द्याकडे येतो. तिसऱ्या स्निपमध्ये एबी किती टक्के कमी आहेत ते काढा. १ वजा (१२० भागिले १५३.५) = ०.२२. याला एफ म्हणतात, सिवल राइट यांचा. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांनी एबी कमी होतात हे खरंच आहे, म्हणून हाच एफ तिथेही वापरतात. सख्ख्या चुलत किंवा मामे-आते भावंडांच्या मुलांचा एफ १/१६, म्हणजे ०.०६. आईबाप सख्खे भाऊ-बहीण असतील तर १/४.

तुमचा ०.२२ आहे. म्हणजे या ४१२ पैकी जवळपास प्रत्येकाचे आईबाप सख्खे बहीण-भाऊ असायला हवेत. आणि तेही त्या एका स्निपपुरतेच, कारण बाकी ३७ मध्ये सगळं सुरळीत आहे. 😀

हसरी_गोगलगाय

हे कळलं!! धाग्यातलं पहिलं वाक्य जे मला कळलं.

नववी_ड

पण दोन वेगळे समूह एकत्र मोजले असतील तर? वालुंड परिणाम (१९२८). एका गटात ए ९० टक्के, दुसऱ्यात १० टक्के. प्रत्येक गट आपापल्या जागी सूत्रात बसतो, दोन्हीकडे एबी १८ टक्के. निम्मे-निम्मे एकत्र करून मोजलं की पी अर्धा, एबी ५० टक्के अपेक्षित, प्रत्यक्षात तेच १८. कुणी नात्यात लग्न केलेलं नाही, कुणी मेलेलं नाही, फक्त आपण दोन याद्या एकीत ओतल्या.

मला तरी हेच वाटतंय. ताई, नमुने एकाच ठिकाणचे आहेत का?

दशांश

शक्य आहे, पण ०.२२ साठी साधारण एकीकडे ९५ टक्के आणि दुसरीकडे ५५ टक्के इतकं अंतर लागेल. दोन गटांत इतकं अंतर असेल तर ते एकाच स्निपवर कसं? उरलेल्यांपैकी बऱ्याच जणींत थोडं थोडं तरी दिसायला हवं, आणि सगळ्यांत एकाच दिशेने, एबी कमी. ताई, ३७ जणींचे एफ काढून बघा. काही अधिक, काही उणे, सरासरी शून्याजवळ असेल तर वालुंड बाद.

नववी_ड

त्या एकाच जनुकावर दोन ठिकाणी वेगळी निवड झाली असेल तर एकाच जागी अंतर पडू शकतं. सगळं बाद करायची घाई नको.

पाऊलखुणा

आता मी तो किस्सा सांगतेच, कारण या धाग्याचं सगळं उत्तर त्यात आहे.

सीसीआर५ नावाचं जनुक. त्यातली ३२ अक्षरं गळालेली एक आवृत्ती आहे, डेल्टा-३२. दोन्ही प्रती तशा असतील तर एचआयव्हीच्या बहुतेक जातींना पेशीत शिरायला वाट सापडत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या जनुक-संपादित जुळ्या मुलींची बातमी आली, त्यात याच जनुकात फेरफार केला होता. साहजिकच प्रश्न आला, डेल्टा-३२ च्या दोन प्रती असण्याची किंमत काय?

जून २०१९ मध्ये एका मोठ्या नियतकालिकात उत्तर आलं. यूके बायोबँकेतल्या (ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याच्या आणि डीएनएच्या माहितीचा साठा) चार लाखांवर लोकांच्या डेटावरून निष्कर्ष, की दोन प्रती असलेल्यांचा मृत्युदर २१ टक्क्यांनी जास्त. आणि जोडपुरावा काय? हार्डी-वाइनबर्ग! दोन प्रतीवाले अपेक्षेपेक्षा कमी सापडले, म्हणजे बायोबँकेत नाव नोंदवण्याच्या वयापर्यंत पोचायच्या आधीच काही गेले असणार. अगदी शून्यमस्तक यांच्या सिकल सेलसारखा युक्तिवाद. जगभर बातम्या झाल्या.

मग एका साथरोगतज्ज्ञाने तेच लोक डीएनएवरच्या शेजारच्या दुसऱ्या खुणांवरून मोजले. तूट नाहीशी! झालं असं होतं, की मूळ मोजणीत वापरलेली खूण वाचणारी चिपवरची चाचणी दोन प्रतीवाल्यांपैकी काहींना ओळखूच शकत नव्हती. ती माणसं मेली नव्हती, मशीनला दिसली नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये लेखकांनी स्वतः पेपर मागे घेतला.

ताई, तुमच्या मित्राला हा किस्सा छापून टेबलावर लावायला सांगा.

शून्यमस्तक

सुरेख. माझा युक्तिवाद माझ्यावरच उलटला, तरी सुरेख.

मृद्गंध

वाखुसा (वाचनखूण साठवली).

रातकिडा

उंबरठा, तुमच्या ४० मध्ये एक्स गुणसूत्रावरची कुठली आहे का? पुरुषांत एक्स एकच, तिथे एबी होणं शक्यच नाही. पुरुषांना एए आणि बीबी म्हणून मोजलं तर एबी कमी दिसणारच. ती चाचणी फक्त बायकांच्या आकड्यांवर करायची.

आणखी एक. दुर्मीळ बी असेल तिथे काय-वर्गावर विसंबू नका, नेमकी चाचणी करा. घरी करता येते: २० चिठ्ठ्या घ्या, ४ वर बी, १६ वर ए. खोक्यात ढवळा, दोन-दोन काढून १० जोड्या लावा. हीच १० माणसं. बी-च्या चिठ्ठ्या पडायच्या एकूण ४,८४५ रीती आहेत. त्यातल्या ३,३६० मध्ये चारही बी वेगवेगळ्या जोड्यांत जातात, १,४४० मध्ये एक बीबी आणि दोन एबी, आणि ४५ मध्ये दोन बीबी, एबी एकही नाही. हे शेवटचं घडलं तर नेमकं पी-मूल्य ४५/४,८४५, म्हणजे ०.००९३. काय-वर्ग मात्र १० येतो आणि त्याचं पी-मूल्य ०.००१६. जवळजवळ सहापट फुगवून सांगितलं. हॉल्डेन यांनी ही नेमकी चाचणी १९५४ मध्ये लिहिली. आता प्लिंक या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीच्या आज्ञेत होते, तरी एकदा चिठ्ठ्या टाकून बघाच. मी एका पावसाळी दुपारी शंभर वेळा टाकल्या होत्या. ४५ वाली एकदा आली.

हसरी_गोगलगाय

लोक पावसाळी दुपारी काय काय करतात.

बोरू

अवांतर: गणिती हार्डी यांना या कामाचा अभिमान वगैरे नव्हता. आनुवंशिकीवाले पनेट त्यांचे क्रिकेटचे सोबती. आखूड बोटांचा गुणधर्म प्रभावी असेल तर तो समाजात वाढत वाढत तिनास एक का होत नाही, असा पेच पनेट यांच्यासमोर आला होता. हार्डींनी १९०८ मध्ये ‘सायन्स’ला छोटंसं पत्र धाडलं: एका पिढीत प्रमाण ठरतं आणि मग तिथेच राहतं, गुणिले-बेरजेचं गणित आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत स्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी हेच जर्मनमध्ये व्याख्यानात मांडलं होतं. त्यांचं नाव जोडायला १९४३ उजाडलं.

मला मात्र या सूत्राचा सगळ्यात देखणा वापर वाटतो तो गणिती बर्नस्टाइन यांचा. रक्तगटांचा. रक्तगटांतले ए आणि बी डीएनएवर दोन स्वतंत्र जागी आहेत असं तेव्हा मानत. तसं असतं, तर ‘ए असलेले’ गुणिले ‘बी असलेले’ बरोबर ‘एबी गटाचे’ यायला हवं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांपासून कितीतरी समूहांचे आकडे तोवर जमले होते. सगळीकडे एबी गटाचे कमी. १९२४ मध्ये त्यांनी सांगितलं, जागा एकच आहे, पर्याय तीन. एकही कुटुंब न तपासता, नुसत्या तक्त्यांवरून! इथे न जुळणाऱ्या आकड्यांनी लोकांबद्दल काही सांगितलं नाही, आमची समजूतच चुकली होती हे सांगितलं.

कडेलोट

मग चार लाख लोकांच्या डेटात रेघ कुठे ओढायची? तिथे तर काहीही नापास होईल.

दशांश

चांगला प्रश्न. काय-वर्ग = माणसांची संख्या × एफ-वर्ग. एफ ०.०१ घ्या, म्हणजे एबी शेकडा एकच कमी. १,००० माणसांत काय-वर्ग ०.१, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ४०,००० माणसांत ४, नापास. ४ लाखांत ४०, दणदणीत नापास. लोकसंख्या तीच, तूट तीच. म्हणून मोठ्या अभ्यासांत रेघ फार खाली नेतात. वेलकम ट्रस्टच्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात ती ५.७ गुणिले दहाचा उणे सातवा घात होती, आणि तीही फक्त निरोगी गटात लावलेली. रुग्णांच्या गटात तूट-वाढ हा रोगाचाच माग असू शकतो, तिथे चाळणी लावली तर हवं तेच गळून जायचं.

पी-मूल्याबरोबर एफ लिहावा हे माझं जुनं रडगाणं. कुणी लिहीत नाही.

उंबरठा

परत आले. चार दिवस लागले, पण सापडलं.

आधी ३७ जणींचे एफ: निम्मे उणे, निम्मे अधिक, सरासरी शून्याला चिकटून. एक्सवरची एकही नाही. मग पाऊलखुणा यांचा किस्सा डोक्यात घेऊन तिसऱ्या स्निपचे आकडे तुकडीनुसार वेगळे केले. नमुने दोन तुकड्यांत आले होते, २०६ आणि २०६.

पहिली तुकडी: एए ११५, एबी ८०, बीबी ११.
दुसरी तुकडी: एए १३५, एबी ४०, बीबी ३१.

दोन्हीकडे ए-च्या प्रती ३१०. अगदी तितक्याच! पहिली तुकडी सूत्राला जुळते (काय-वर्ग ०.४ सुद्धा नाही), दुसरीत एबी अर्ध्यावर. नववी_ड, ए-चं प्रमाण दोन्हीकडे सारखं म्हटल्यावर तुमचा वालुंड गेला, माफ करा.

नववी_ड

गेला. सन्मानाने गेला असं लिहा.

रातकिडा

४० एबी हरवलेत आणि २० इकडे, २० तिकडे गेलेत. दोन्ही बाजूंना सारखे. डीएनए कमी पडला होता का? चाचणीत दोन प्रतींपैकी नशिबाने एकाचीच नक्कल वाढली की एबी माणूस कधी एए दिसतो, कधी बीबी.

उंबरठा

बरोबर ओळखलंत! वही उघडली तर माझ्याच अक्षरात लिहिलंय. दुसऱ्या तुकडीवर या एका स्निपची चाचणी पहिल्यांदा फसली होती, म्हणून ती नंतर वेगळी केली, उरलेल्या पातळ डीएनएवर. बाकी ३९ जणींसाठी चांगला साठा वापरला होता. आलेख काढला (एक ठिपका म्हणजे एक माणूस) तर पहिल्या तुकडीचे ठिपके तीन नीट पुंजक्यांत बसतात. दुसरीत मधला पुंजका विरळ आणि दोन्ही बाजूंना ओघळलेला. हा आलेख मी तेव्हाच बघायला हवा होता. सॉफ्टवेअरने अक्षरं दिली, मी घेतली.

नमुने अजून शिल्लक आहेत. दुसरी तुकडी पुन्हा करणार. मित्राला सांगितलं, तो म्हणाला ‘मग पेपर?’

शून्यमस्तक

त्या दोघी, ४.४ आणि ४.७ वाल्या?

उंबरठा

ठेवल्या. मार्गदर्शकांना ४० × ०.०५ दाखवलं. ते कागदाकडे बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, ‘हं, ठेव.’ त्या दोघींचेही आलेख बघितले, पुंजके स्वच्छ आहेत. तक्त्यात एफ-चा रकानाही टाकलाय, दशांशरावांसाठी.

दशांश

डोळे पाणावले.

कडेलोट

मी त्या २० चिठ्ठ्यांचं करून बघितलं. बी चारच राहणार, ए सोळाच. मग बीबी किती ते सांगितलं की बाकी सगळं ठरतं.

बरं. १.